रद्द झालेला एक, अडवलेले ५६

मार्च २०१७ मधला शनिवार. सकाळी चहाचं आधण ठेवलं होतं आणि भाच्याचा फोन आला. तो तेव्हा अमेरिकेत, ग्रँड फोर्क्सच्या नॉर्थ डकोटा विद्यापीठात विमान चालवायला शिकत होता. पुण्यात असताना क्रिकेटशिवाय दुसरा खेळ त्याला माहीत नव्हता. दोन हिवाळ्यांत तो आइस हॉकीचा इतका वेडा झाला की आईला फोन करायचा विसरे, पण सामन्याचं तिकीट काढायला कधी विसरला नाही.

"मामा, आम्ही जिंकलो होतो रे," तो म्हणाला. "मग पंच टीव्ही बघायला गेले आणि आम्ही हरलो."

नंतरचा पाऊण तास तो एकटाच बोलत होता. आधण आटून गेलं. त्याचं बोलणं ऐकून मी त्या सामन्याच्या नादी लागलो आणि अजून पुरता बाहेर पडलेलो नाही. हरलेल्या बाजूचे लोक एका निर्णयावर किती बोलतात, आणि बाकीच्या खेळावर किती कमी बोलतात, याचा इतका स्वच्छ नमुना मला दुसरा सापडलेला नाही.

आधी सामना. अमेरिकन कॉलेज हॉकीच्या राष्ट्रीय स्पर्धेत १६ संघ असतात. चार शहरांत चार-चार संघ खेळतात आणि हरला तो घरी जातो. २४ मार्च २०१७ ला फार्गोच्या शील्स अरीनात नॉर्थ डकोटासमोर बोस्टन युनिव्हर्सिटी होती. नॉर्थ डकोटा गतविजेता. आदल्या वर्षी टँपात क्विनिपियाक विद्यापीठाला ५-१ हरवून त्यांनी आठवं राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवलं होतं. पण २०१७ च्या मानांकनात या गटात ते तिसरे आणि बोस्टन दुसरं. तरी घरचं मैदान मात्र नॉर्थ डकोटाचंच, कारण फार्गोच्या गटाचं यजमानपद त्यांच्याकडे होतं आणि यजमान संघ पात्र ठरला की त्याला आपल्याच गटात खेळायला मिळतं. फार्गो ते ग्रँड फोर्क्स अंतर जेमतेम १३० किलोमीटर. सगळी गॅलरी त्यांच्या हिरव्या रंगात होती. वरचं मानांकन मिळवून बोस्टनच्या वाट्याला आलं काय, तर हजारो किलोमीटरचा प्रवास आणि परक्यांचं गाव. इथे कोणावर अन्याय होत असेल तर तो बोस्टनवर, असं सामन्याआधी कोणीही म्हटलं असतं. पुढचं वाचताना हे ध्यानात असू द्या.

६० मिनिटं संपली तेव्हा ३-३. या स्पर्धेत पेनल्टी शूटआउट नसतं. वीस-वीस मिनिटांचे जादा डाव, दोन्हीकडे पाच खेळाडू आणि एक गोलरक्षक म्हणजे गोली, आणि पहिला गोल पडला की खेळ खलास. जादा वेळेत नॉर्थ डकोटाच्या डिक्सन बोवेननं पक, म्हणजे या खेळात चेंडूच्या जागी असलेली रबरी चकती, जाळ्यात घातला. हिरवी गॅलरी उसळली. भाचा सांगत होता, शेजारच्या अनोळखी आजोबांनी त्याला उचलूनच घेतलं. मग रेफ्री कानाला हेडफोन लावून पडद्यासमोर उभे राहिले. आजोबांनी त्याला हळूहळू खाली ठेवलं. ते म्हणे बरीच वर्षं सामने बघत होते. हेडफोन दिसल्यावर पुढे काय वाढून ठेवलंय ते त्यांना बहुधा कळलं असावं.

निर्णय आला: ऑफसाइड. गोल रद्द. दुसऱ्या जादा डावात बोस्टनच्या चार्ली मॅकअव्हॉयनं गोल केला. ४-३. गतविजेते पहिल्याच फेरीत बाहेर.

निळी रेषा

फील्ड हॉकी बघून मोठं झालेल्यांसाठी थोडं सांगतो. रिंक, म्हणजे बर्फाचं मैदान, साधारण २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद. दोन निळ्या रेषा तिचे तीन भाग करतात. चढाई करणाऱ्यांनी पकच्या आधी समोरची निळी रेषा ओलांडायची नाही. आधी पक आत गेला पाहिजे, मग माणूस. रेषा १२ इंच रुंद आहे. खेळाडूचे दोन्ही स्केट रेषेच्या पूर्ण पलीकडे गेले आणि पक अजून पुरता आत आलेला नाही, तर ऑफसाइड. एक पाय मागे, रेषेवर टेकलेला असला तरी चालतं.

यातला "टेकलेला" हा शब्द महत्त्वाचा. तेव्हाच्या नियमात स्केटचा रेषेला स्पर्श लागत होता. मागचा पाय रेषेच्या बरोबर वर आहे पण बर्फापासून बोटभर उचललेला आहे, तर तो पाय धरला जात नसे. स्केटिंग करणाऱ्याकडे कधी नीट बघा. तो एका पायानं रेटतो आणि दुसरा उचलतो, म्हणजे प्रत्येक ढांगेत एक पाय हवेत असतोच. थोडक्यात, माणूस नैसर्गिकपणे जसा स्केट करतो तसा केल्याबद्दलच त्याला पकडणारा हा नियम होता. पुढे २०२०-२१ च्या मोसमापासून एनएचएलनं, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक हॉकी लीगनं, आपल्याकडचा हाच नियम बदलला. आता पाय रेषेच्या वर, हवेत असला तरी चालतो.

क्रिकेटवाल्यांना हे ऐकून दुसरं काही आठवलं असेल. फलंदाज धावत येतो, बॅट क्रीजच्या आत टेकते आणि उसळी खाऊन हवेत जाते. नेमक्या त्याच क्षणी यष्ट्या उडतात. बॅट आत आहे, माणूसही आत आहे, पण जमिनीला काही टेकलेलं नाही म्हणून बाद. ऑक्टोबर २०१७ पासून क्रिकेटच्या नियमांतून ही गोष्ट गेली. एकदा टेकून आत आला असेल तर नंतर बॅट उसळली तरी फलंदाज नाबाद. फार्गोचा सामना आणि हा बदल एकाच वर्षातले. दोन्ही खेळांत कारण एकच होतं: उघड्या डोळ्यांना जे कधी दिसलंच नव्हतं ते कॅमेऱ्याला दिसायला लागलं, आणि जुना नियम त्या नजरेसाठी लिहिलेला नव्हता.

निर्णय चुकीचा होता असं म्हणायला मला कुठेच आधार सापडला नाही. तेव्हाच्या नियमाप्रमाणे तो इंचांचा मामला होता, आणि इंचाला इंच धरायचं ठरलं की इंच धरावाच लागतो. भाच्याला मी हे त्याच दिवशी सांगितलं. त्यानं फोन ठेवला नाही, पण आवाज बदलला.

चित्र थांबवता येतं

तरी एक शंका घेऊनच ठेवतो. खेळाडू ताशी ३० किलोमीटरनं रेषेवर येतोय असं धरा, म्हणजे सेकंदाला आठ मीटरच्या थोडं वर. कॅमेरा सेकंदाला ३० चित्रं घेत असेल तर दोन चित्रांच्या मधे तो २८ सेंटीमीटर पुढे सरकतो. निळ्या रेषेची अख्खी रुंदी ३० सेंटीमीटर. ६० चित्रं घेतली तरी १४ सेंटीमीटर उरतातच. त्यात पकही चालता असतो. पडद्यावर गोठलेलं चित्र बघताना वाटतं की सत्य हातात आलं. खरं तर आपल्या हातात त्याच्या आगेमागेची दोन चित्रं असतात. गोल रद्द करायला पुरावा ठोस हवा, ही अट यासाठीच असते. पण हेडफोन लावून उभ्या असलेल्या माणसावर हजारो डोळे लागलेले असताना "ठोस" कशाला म्हणायचं, हे शेवटी त्यालाच ठरवायचं असतं.

ही व्यवस्था आली कशी तेही मजेशीर आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये एनएचएलच्या एका सामन्यात कोलोरॅडोचा मॅट ड्यूशेन ढळढळीत ऑफसाइड असताना गोल करून गेला. लाइन्समनच्या नजरेतून ते सुटलं. बघणाऱ्यांनी डोक्याला हात लावला. अशा ढोबळ चुकांवर उपाय हवा म्हणून २०१५-१६ पासून तिथे प्रशिक्षकांना ऑफसाइडवर दाद मागायची सोय झाली. कॉलेज हॉकीचे नियम वेगळे, पण वारं तेच. भोक पडलं ढोबळ चुकीसाठी आणि त्यातून सगळ्यात बारीक गोष्टी आत यायला लागल्या. आपल्याकडे डीआरएसचं याहून वेगळं काय झालं? सर्वांना दिसणारी चूक पंचालाच दिसली नाही तर काय, एवढ्यासाठी ते आलं होतं. आता यष्टीला चेंडू निम्मा लागतोय की निम्म्याहून कमी, यावर घरोघरी भांडणं होतात.

आणि नॉर्थ डकोटाच्या चाहत्यांना एक गोष्ट सोयीस्करपणे आठवत नव्हती. २०१६ च्या त्या अंतिम सामन्यात क्विनिपियाकचा एक गोल असाच ऑफसाइडसाठी पडदा बघून रद्द झाला होता. तेव्हा हिरव्या गॅलरीनं नियमाचं काटेकोर पालन म्हणून टाळ्या वाजवल्या. ज्याची जळते त्याला कळते, एवढंच.

गाडीतले चौघे

सामना संपल्यावर भाचा आणि त्याचे तीन मित्र एका गाडीतून ग्रँड फोर्क्सला परतले. आंतरराज्य २९ हा तिथला महामार्ग पट्टीनं आखल्यासारखा सरळ आहे. दोन्हीकडे सपाट शेतं, वळण म्हणून नाही. वाद घालायला याहून चांगला रस्ता मिळायचा नाही.

गाडी चालवणारा मुलगा स्थानिक. त्याचं म्हणणं सरळ होतं: गोल झाला होता, पंचांनी काढून घेतला, विषय संपला. भाचा त्याच्याच बाजूचा, पण त्याला नियमाची चीड आली होती. पंचांबद्दल त्याची फारशी तक्रार नव्हती. मागच्या सीटवरच्या एकाचं दुःख निराळंच. जादा वेळेत पंच शिट्टी गिळून बसतात, नियमित वेळेत ज्या धक्क्याला दोन मिनिटांची शिक्षा होते तो तेव्हा दिसूनही दिसत नाही, असं तो म्हणत होता. यात तथ्य आहे. हॉकीतले पंच जादा वेळेत हात आखडता घेतात हे जुनं निरीक्षण आहे, आणि त्यामागचा विचारही कळतो: सामना खेळाडूंनी संपवावा, पंचांनी नाही. पण ढकलाढकलीला डोळेझाक आणि इंचाच्या ऑफसाइडला भिंग, या दोन गोष्टी एकाच संध्याकाळी शेजारी बसल्या की चाहत्याला त्यात काही तरी वाकडं दिसणारच.

चौथी मुलगी मिनेसोटाची. ती बराच वेळ गप्प होती. मग तिनं एकच आकडा सांगितला: ५६.

बोस्टनच्या गोलीनं अडवलेल्या फटक्यांचा हा आकडा. गोली होता जेक ऑटिंजर. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी, वय १८, मिनेसोटातल्या लेकव्हिलचा. नॉर्थ डकोटानं गोलाच्या दिशेनं मारलेले ५९ फटके त्याच्यापर्यंत पोचले आणि त्यातले तीनच आत गेले.

हिशेब करून बघा. शंभर फटक्यांपैकी ९२ अडवणारा गोली त्या पातळीवर चांगला म्हणतात. तसा गोली समोर असता तर ५९ फटक्यांत चार ते पाच गोल झाले असते, आणि चौथा गोल सामना जिंकायला पुरला असता. मग हेडफोन नाही, निळी रेषा नाही. ऑटिंजरनं त्या दिवशी शंभराला जवळजवळ ९५ च्या दरानं अडवलं. सामना फिरला तो या तीन टक्क्यांवर. तिचं म्हणणं होतं की आपल्या पोरांनी मारलं भरपूर, पण नेम कुठे होता? निम्मे फटके त्याच्या छातीवर. निम्मे ही अतिशयोक्ती असेल, पण मुद्दा चुकीचा नव्हता. चालवणाऱ्या मुलानं रेडिओचा आवाज वाढवला.

माझ्या मते ती बरोबर होती. तरीही ग्रँड फोर्क्स येईपर्यंत बोलणं पुन्हा पुन्हा ऑफसाइडवर का गेलं, हे मला तिच्या आकड्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. रद्द झालेल्या गोलाचं एक चित्र आहे. ते थांबवता येतं, मोठं करता येतं, मोबाइलवर मित्राला पाठवता येतं, त्यावर लाल रेघ ओढता येते. हुकलेल्या फटक्यांचं असं एक चित्र नसतं. ते दोन-अडीच तासांत पसरलेले असतात. कोणी किंचित उशिरा मारला, कोणी समोर रिकामा असलेला सोबती सोडून स्वतःच मारला, कधी रिबाउंडवर काठी पोचता पोचता राहिली. यातल्या एकाही क्षणाला "इथे हरलो" म्हणून बोट ठेवता येत नाही. मग खापर फोडायचं तर चित्र असलेल्यावरच फोडलं जातं. मैदानावर पट्ट्यांचे सदरे घालून चौघे उभे असतात, त्यांची गाव-ओळख नाही, त्यांच्या नावाचा जर्सी कोणी विकत घेत नाही. ते सोयीचे असतात.

आणखी एक. स्वतःच्या खेळाडूंना नावं ठेवायला कॉलेजच्या चाहत्याची जीभ रेटत नाही. ही पोरं त्याच्याच वर्गात बसतात, कँटीनच्या रांगेत पुढे उभी असतात. व्यावसायिक संघाच्या खेळाडूला शिव्या घालणं सोपं, त्याला पैसे मिळतात. बोवेन तर तिथलाच, शेजारच्या ईस्ट ग्रँड फोर्क्सचा पोरगा. त्याच्या हातून हातातोंडाशी आलेला घास गेला म्हणताना कोणाचाही गळा दाटून येईल, "अरे पण बाकीचे ५६?" असं विचारायची ती वेळ नसते.

त्यानंतर

दुसऱ्याच दिवशी, २५ मार्चला, त्याच रिंकवर बोस्टन मिनेसोटा-डुलूथकडून जादा वेळेत ३-२ हरलं. विजयी गोल ॲडम जॉन्सनचा. फार्गोतले त्या गटाचे तिन्ही सामने जादा वेळेत गेले.

नॉर्थ डकोटाचा ब्रॉक बेसर त्याच शनिवारी व्हँकुव्हरच्या जर्सीत होता. आदल्या दिवशी कॉलेजचा शेवटचा सामना हरलेला पोरगा चोवीस तासांत सेंट पॉलमध्ये, आपल्याच मिनेसोटा राज्यात, एनएचएलचा पहिला सामना खेळला आणि त्यात गोलही केला. बेसर बर्न्सव्हिलचा, ऑटिंजर लेकव्हिलचा. मिनिआपोलिसच्या दक्षिणेला ही दोन गावं एकमेकांना खेटून आहेत. मॅकअव्हॉय एप्रिलमध्ये एनएचएलच्या बोस्टन ब्रुइन्स संघाकडे गेला आणि त्याचा पहिलाच एनएचएल सामना थेट प्लेऑफमधला. जूनमध्ये एनएचएलच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, डॅलसनं ऑटिंजरला पहिल्या फेरीत २६ व्या क्रमांकावर घेतलं.

भाचा पुढे शिक्षण संपवून परत आला. ऑफसाइडचा नियम बदलल्याची बातमी त्यानंच मला पाठवली होती, वर "उशीर झाला" एवढं लिहून. मी त्याला उत्तरादाखल क्विनिपियाकची आठवण करून दिली. दोन दिवस बोलला नाही.

मग मे २०२२. एनएचएलच्या प्लेऑफमध्ये डॅलस आणि कॅल्गरी यांच्या मालिकेतला सातवा, निर्णायक सामना. ऑटिंजरनं त्यात ६४ फटके अडवले. जादा वेळेत कॅल्गरीच्या जॉनी गॉड्रोनं त्याला चुकवलं. एकूण तीन गोल झाले आणि डॅलस ३-२ हरलं. त्या सकाळी भाच्याचा मेसेज होता:

"६४ अडवले मामा, आणि तरी हरला बिचारा. आमच्या वेळी ५६ वर जिंकला होता."

निळ्या रेषेबद्दल त्यात काही नव्हतं. मी खाली स्क्रोल करून पाहिलं.